आवाजाचा त्रास नाही

दौलतभाऊ घाड्यांना मी पहिल्यांदा शिव्या घातल्या त्या लग्न होऊन चाळीत आल्यावर आठव्या दिवशी. सार्वजनिक नळाखाली त्यांची बादली भरून वाहत होती आणि हा माणूस माझ्याकडे पाठ करून शांतपणे दात घासत उभा. मी तीनदा हाक मारली, "अहो, बादली भरली!" चौथ्यांदा माझं डोकं सटकलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. भाऊ वळले, माझ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "नवीन का तुम्ही? अकरा नंबरमधल्या?"

सासूबाईंनी मला आत ओढलं. म्हणाल्या, "अगो, तो साचेवाला हा. त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलूचा."

साचेवाला म्हणजे मिलमध्ये मागावर कापड विणणारा. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत प्रत्येक दुसऱ्या खोलीत एक होता. एका छपराखाली चारशे साचे एका वेळी धडधडत असायचे. तिथे घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही, म्हणून हे लोक बोलायचे ते नुसत्या ओठांनी आणि बोटांनी. समोरच्याचे ओठ वाचायचे. सुपारी मागण्यापासून जॉबरची, म्हणजे मुकादमाची, टवाळी करण्यापर्यंत सगळं असंच चालायचं. वीस-वीस वर्षं तो दणका खाऊन कान कामातून गेले, पण ते कबूल करायला एक जण तयार नाही. माझे मालक बेस्टमध्ये कंडक्टर, त्यामुळे आमच्या घरात कान शाबूत होते आणि माझं तोंड तर काय, शाबूतच आहे.

संध्याकाळी गॅलरीत मजा असायची. या टोकाला दौलतभाऊ, त्या टोकाला दगडूभाऊ, मध्ये पाच बिऱ्हाडं, आणि दोघांच्या रंगात आलेल्या गप्पा. आवाज शून्य. नुसते ओठ हलतायत, मध्येच दोघं खो-खो हसतायत. मला सुरुवातीला वाटलं, माणसं वेडी आहेत. सहा महिन्यांत मी स्वतः ती भाषा शिकले, कारण सगळ्या चाळीच्या भानगडी त्याच भाषेत चघळल्या जायच्या. मी अशी सोडते की काय!

भाऊ तर वस्ताद होते. फोन आला की रिसीव्हर कानाला लावून, "लाईन खराब आहे, तू बघ," म्हणून दुसऱ्याच्या हातात द्यायचे. मागून कोणी बोललं आणि कळलं नाही, तर म्हणायचे, "जरा विचारात होतो." दाट मिशीवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. "तो माणूस मनातलं बोलत नाही," म्हणायचे. बोलत होता हो तो बिचारा, मिशीखालून दिसत नव्हतं एवढंच!

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप लागला. तो काही सुटलाच नाही. कोणी गावाला गेला, कोणी भाजी विकली, कोणी बिल्डिंगच्या गेटवर बसला. भाऊंनी हिंदमाताला एका साडीच्या दुकानात घड्या घालायचं काम धरलं. हे काम त्यांना शोभलं, कारण दोन बोटांत पदर धरला की सूत कुठलं आणि वीण किती, ते डोळे मिटून सांगायचे. शिवाय गिऱ्हाईक नेहमी समोर बसलेलं. दुकानातून गठ्ठाभर साड्या घरी यायच्या आणि भाऊंची बायको, शेवंतीवहिनी, त्यांना फॉल लावायच्या. दुपारभर दोघं खाटेवर समोरासमोर, ते घड्या मोडतायत, त्या टाके घालतायत. मी कितीदा तरी चहाला जाऊन मध्ये बसले असेन.

पुढे वहिनींना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, शिवणाचा आणि याचा काही संबंध नाही. भाऊंना ते कधीच पटलं नाही. "माझ्या संपानं हिचे डोळे खाल्ले," एकदाच म्हणाले माझ्याजवळ आणि तोंड फिरवलं. दोन हजार पाच सालापर्यंत वहिनींना फक्त उजेड-अंधार एवढंच कळायला लागलं होतं.

पण बाई मोठी जिद्दीची. रडत बसली नाही. कानांवर संसार ओढायला लागली. दूध उतू जायच्या आधी पातेलं कसं बोलतं ते तिला कळायचं. जिन्यावरच्या पावलावरून कोण आलं ते सांगायची, आणि माझ्या चपलेवरून तर मी रागात आहे की नाही तेसुद्धा! गंमत बघा, घरात एकाला दिसतं पण ऐकू येत नाही, दुसरीला ऐकू येतं पण दिसत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस व्हायचं आणि ते झकास चालायचं. कुकरची शिट्टी झाली की वहिनी खाटेवर थाप मारायच्या, भाऊ उठून गॅस बंद करायचे.

चाळीच्या पाठीमागे आमची मिल. मिल पडली, भोंगा गेला, आणि दोन हजार दोनमध्ये त्या जागेच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात वॉटर पार्क उभं राहिलं. घसरगुंड्या, कारंजी, रबरी ट्यूब, आणि काय काय. उद्घाटनाला पार्कवाल्यांनी चाळीला फुकट पास दिले. आमचे सगळे म्हातारे साचेवाले हाफ पँटी घालून गेले, ते दृश्य देव कोणाला न दाखवो. कमरेएवढ्या निळ्या पाण्यात उभे राहून हे लोक जागा मोजत होते. "दगडू, हितं खांब होता बघ. माझे चार साचे हितं." "खुळो की काय, हितं जॉबरचं टेबल होता!" पाण्यात उभ्या उभ्या जुंपली दोघांची. शेवटी लाईफगार्डने शिट्टी मारली, ती अर्थातच कोणालाच ऐकू गेली नाही.

तोवर पार्कचा आम्हाला त्रास नव्हता. पोरांची किलबिल लांबून यायची, तेवढंच. पण दोन हजार सातच्या मार्चमध्ये जिन्याखाली नोटीस लागली. पार्क वाढवायचं होतं, थेट आमच्या मागच्या भिंतीपर्यंत. लाटांचा मोठा तलाव, त्याची मशीनं, आणि शेजारी रेन डान्सचं अंगण, तिथे रोज सकाळी दहा ते रात्री आठ डीजे. भाऊंच्या खोलीची खिडकी आणि ते अंगण यात अंतर किती, तर बारा हात. हरकती आणि सूचना असतील तर महिन्याभरात कळवा, मग सुनावणी.

मी पदर खोचून हरकत लिहायला बसणार, तोच पार्कतर्फे सर्वे करणारी एक बाई आली. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. आणि आली ती नेमकी कोणाकडे? चाळ कमिटीचे अध्यक्ष म्हणून दौलतभाऊंकडे. मी तेव्हा परळला बाजारात गेले होते, नाहीतर हे रामायण झालंच नसतं.

तिने समोर उभं राहून नीट विचारलं, "काका, पार्कच्या आवाजाचा त्रास होतो का? पुढे वाढला तर होईल?"

भाऊ हसले म्हणे. "आवाज? बाई, तुम्ही आमचं साचेखातं बघितलं नाही. त्याला म्हणतात आवाज. हे तुमचं म्हणजे पोरांचा खेळ." आणि ठणकावून सही केली. आवाजाचा त्रास: नाही. मग दगडूभाऊ मागे राहतील का? त्यांनीही केली. मग तात्या, मग वसंतराव. अकरा साचेवाल्यांनी अकरा सह्या ठोकल्या, प्रत्येकाने वर मिलच्या दणक्याची बढाई मारून. त्या बाईने खाली शेरा मारला, तो मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचला: 'पार्क चालू असताना ज्येष्ठ रहिवासी गॅलरीच्या दोन टोकांना उभे राहून सहज संवाद साधताना आढळले.' आता बोला! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

"भाऊ, हे काय करून ठेवलंत?" मी विचारलं.

"एवढा बाऊ नको करू गो," म्हणाले. "दोन दिवसांत सवय होते."

मे महिन्यात एका रविवारी पार्कवाल्यांनी नव्या जागेत डीजेचा कार्यक्रम ठेवला. नमुना म्हणून. सकाळी अकराला सुरू झालं आणि माझ्या फळीवरचे पेले नाचायला लागले. छातीत धडधड, बोललेलं कळेना, विचार सुचेना. मी खिडकी लावून घेतली, काही उपयोग नाही. बारा वाजत आले, आणि दारात शेवंतीवहिनी. भिंतीला हात लावत लावत, गॅलरीतून चाचपडत आलेल्या. केस सुटलेले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

माझा हात घट्ट धरून कानात ओरडल्या, "मालन गो, ह्ये खंय गेले? केव्हापासून हाका मारतंय!"

मी त्यांना घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. तर दौलतभाऊ खाटेवर. खिडकीकडे तोंड, दाराकडे पाठ, पेपर वाचत बसलेले. तिथेच होते, पहिल्यापासून. ती हाका मारत होती, ते यांना ऐकू आलं नाही. हे पेपर पलटत होते, घसा खाकरत होते, ते तिला ऐकू आलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं एकमेकांना सापडत नव्हती.

मी भाऊंच्या समोर जाऊन उभी राहिले आणि एकही शब्द न गिळता सगळं सुनावलं. ते वहिनींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाक मारली असती तर ऐकली असती मी."

"नाही ऐकलीत! तुम्हाला ऐकू येत नाही, भाऊ. सुनावणीत जाऊन सांगा तसं. तो कागद मागे घ्या. रोज दहा तास हे चालू झालं तर ही बाई जगायची कशी?"

"कोण म्हणतो मला ऐकू येत नाही?" चेहरा लालबुंद. "माझे कान ठणठणीत आहेत!"

वहिनींनी माझा हात दाबून मला आवरलं. नवऱ्याचा कमीपणा चार लोकांत काढायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. मी रागाने घरी आले आणि पुढचे दहा दिवस भाऊंशी बोलले नाही. ते गॅलरीत दिसले की मी तोंड फिरवायची. ओठच दिसले नाहीत तर वाचणार काय!

सुनावणी महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. टेबलामागे पालिकेचे साहेब, एका बाजूला पार्कचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला माईक, बोलणाऱ्याचं तोंड साहेबांना आणि हॉललाही दिसेल असा. मॅनेजरला मिशी अशी, की वरचा ओठ कुठे आहे ते त्याच्या आईलाच माहीत. मी आमच्या महिला मंडळाची हरकत वाचली. चांगली वाचली. मॅनेजर शांतपणे उठला, अकरा सह्यांचा कागद साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाला, "सर, चाळ कमिटीचे अध्यक्ष स्वतः लिहून देतात, त्रास नाही. तेही पार्कला अगदी लागून राहतात. ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

संपलं, असं मला वाटलं. 

तेव्हा तो कागद ओळखून पहिल्या रांगेतून दौलतभाऊ उठले. वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावरचा आपला हात काढून भाऊ माईकपाशी गेले आणि हॉल दणाणेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "साहेब, तो कागद खोटा. सही माझी, पण कागद खोटा. मला ऐकू येत नाही."

साहेब कागदात डोकं घालूनच म्हणाले, "किती वर्षांपासून?"

भाऊ नुसते उभे.

"मी विचारतोय, किती वर्षांपासून?" डोकं खालीच.

भाऊ वाट बघत होते, साहेब काहीतरी विचारतील म्हणून. हसरा, तयारीचा चेहरा करून. मला रडूच फुटलं. साहेबांनी शेवटी मान वर केली, भाऊंचा चेहरा पाहिला आणि त्यांना समजलं. पेन खाली ठेवून, तोंड नीट उघडून त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"संपाच्या आधीपासून," भाऊ म्हणाले. "आजवर कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची."

मागे खुर्ची सरकली. दगडूभाऊ उभे राहिले. "माका पण नाय ऐकू येत, साहेब." मग तात्या. मग वसंतराव, ते तर भाऊ काय बोलले तेही कळलेलं नसताना, बाकीचे उठले म्हणून उठले. एकेक करून अकराच्या अकरा म्हातारे उभे. पंचवीस-तीस वर्षं जे बायकोपाशी कबूल केलं नाही, ते भर हॉलमध्ये. कोणी हसलं नाही.

फक्त तो मॅनेजर. हळूच म्हणाला, "सर, मग प्रश्नच मिटला ना? ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना आवाजाचा त्रास कसा होणार?"

मेल्याच्या मिशा उपटाव्यात असं वाटलं. तेवढ्यात वहिनी उठल्या. हवेत हात पुढे करून म्हणाल्या, "माका घेवन चला कोणीतरी." भाऊंनी मागे येऊन त्यांना कोपराला धरून माईकपाशी नेलं आणि त्यांच्या पाठीमागे उभे राहिले, पडतील म्हणून.

"साहेब, मला दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक, पण ठाम. "मला आहे तो त्रास. नळाला पाणी आलं ते मला कानाने कळतं. दूध उतू चाललं ते कानाने कळतं. हे बोलत नाहीत फार. पेपर पलटतात, खाकरतात, खाट करकरते. तेवढ्यावर मला कळतं, हे घरात आहेत. त्या रविवारी गाणी लावली आणि हे माझ्यापासून चार हातांवर होते, साहेब, चार हातांवर, आणि मी यांना शोधत होते. मला वाटलं, हे गेले. मी एकटी उरले. तासभर मी विधवा होते."

एवढं बोलून त्या थांबल्या. मॅनेजर आपल्या बुटांकडे बघत होता. आणि दौलतभाऊ वहिनींच्या मागे त्यांचं कोपर धरून, सगळ्यांकडे बघत उभे होते. त्यांना वहिनींची पाठ दिसत होती. बाकीच्या साचेवाल्यांनी समोरून तिचे ओठ वाचले होते; एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते तेवढे एकटेच होते ज्यांना ती काय बोलली ते कळलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर वहिनी पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळे असे का बघत होते गो? काय बोलली ती?"

आवाज काढला असता तर वहिनींना ऐकू गेलं असतं. मी नुसत्या ओठांनी सांगितलं, जसंच्या तसं. शेवटचं वाक्य मला दोनदा सांगावं लागलं. पहिल्या वेळेला त्यांना कळलं होतं, मला दिसलं ते. तरी त्यांनी परत सांगायला लावलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. पार्क वाढलं, ते काही थांबत नाही. पण लाटांचा तलाव आणि ते नाचाचं अंगण रस्त्याच्या बाजूला गेलं, आमच्या भिंतीला गाड्या लावायची जागा आली. डीजे आता लांबून येतो, वहिनींना चालतो. मी चाळीत पेढे वाटले.

पण आता खरा त्रास सांगते. त्या सुनावणीच्या दुसऱ्या दिवसापासून दौलतभाऊ पेपर मोठ्याने वाचतात. सगळा. पहिल्या पानापासून ते 'वधू पाहिजे'पर्यंत. टेंडरच्या नोटिसा, हरवलेली मार्कशीट, निधनवार्ता, घोड्यांची रेस, काही सोडत नाहीत. पेपर संपला की साबणाच्या पुडक्यावरचं वाचतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे पट्टी अशी, की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. दुपारी डोळा लागला की, 'पाहिजेत, अनुभवी फिटर!' अशी आरोळी येते आणि मी दचकून उठते. परवा मी भांडायलाच गेले. म्हटलं, चाळीत बाकी माणसंही राहतात.

वहिनी खिडकीत बसून लसूण सोलत होत्या. भाऊंनी मला दारात पाहिलं, वाचन थांबवलं, आणि वहिनींना कळू नये म्हणून नुसत्या ओठांनी विचारलं, "मालन, तिच्यापर्यंत नीट जातो ना गो माझा आवाज?"

मी काय भांडणार. मी पण नुसत्या ओठांनीच म्हटलं, "जातो भाऊ. पार हिंदमातापर्यंत जातो. वाचा तुम्ही."